वहीवाल्या मावशीची पहिली वही

काम मागायला गेलेला माणूस आधी आपल्या जमेच्या बाजू सांगतो. वहीवाली मावशी आधी सांगायची, "माझ्या पहिल्याच घरातली बाळंतीण गेली. बाराव्या दिवशी." ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरायचे, कुणीतरी घाईघाईनं पाण्याचा पेला पुढे करायचं आणि "आम्ही कळवतो हं" म्हणत दार उघडून द्यायचं. नंतर कुणी कळवायचं नाही. दहातली सात घरं अशी हातची जायची. ती ज्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर राहायची, तिथला दुकानदार तिला म्हणायचा, "मावशी, माझ्या हातून एकदा ब्रेक ढिला राहिला होता, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत बसलो, तर सायकल कोण आणेल माझ्याकडे?"

"ज्याला ब्रेकची खरी काळजी आहे तो आणेल," मावशी म्हणायची. दुकानदार कपाळावर हात मारून घ्यायचा.

बाळ घरी आलं की पहिले सहा आठवडे बाळंतिणीच्या सोबतीला राहायचं, हे तिचं काम. हल्ली त्याला डूला की काय असं नाव निघालंय, त्याचे वर्ग भरतात, शेवटी प्रमाणपत्रही मिळतं. मावशीला त्या नावाचं वावडं नव्हतं. "नाव नवीन आहे, पाठ तीच दुखते," एवढंच ती म्हणायची. एकतीस वर्षांत तिनं दीडशेच्या वर बाळंतिणी सांभाळल्या होत्या आणि तिचे दोन हट्ट सगळ्या गावाला पाठ होते. एक, पहिल्या दिवशी ती बाळाला हात लावायची नाही. घरात आजी, आत्या, शेजारीण, सगळ्या बाळावर तुटून पडलेल्या असायच्या, आणि ही बाई सरळ आईच्या खाटेपाशी जाऊन विचारायची, "जेवलीस का? झोपलीस का?" दुसरा हट्ट वहीचा. प्रत्येक घरासाठी एक नवी वही, आणि त्या वहीत बाळाबद्दल चकार शब्द नाही. आई किती वाजता झोपली, किती घास खाल्ले, कशावरून रडली, हसली का, एवढंच. एका आजोबांनी चिडून विचारलं होतं, "अहो, नातवाचं वजन कुठे लिहिलंय?" मावशी म्हणाली, "नातवाचं वजन सांगायला घरात नऊ माणसं आहेत. सुनेचं मी एकटीच लिहितेय."

तर त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मावशी एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेली. फोन बाळाच्या आत्यानं केला होता. ही आत्या विमा कंपनीत दावे तपासायची, म्हणजे समोरचा खोटं बोलतोय हे धरूनच बोलायला सुरुवात करायची. तिच्यापुढे कागद होता आणि कागदावर अठरा प्रश्न. सकाळपासून दोघीजणी येऊन गेल्या होत्या. एक निवृत्त परिचारिका, तिच्याकडे फाइलभर शिफारसपत्रं. दुसरी तरुण, नुकतीच वर्ग पुरा केलेली. तिनं बाळाला असं अलगद उचललं होतं की आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मावशी तिसरी.

बाळाचा बाप चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तो दाराशी उभा राहून बोटांवरची पांढरी भुकटी पुसत होता. मोठ्या बहिणीसमोर तोंड उघडायची त्याला सवय नसावी. बाळाची आई खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. ती शाळेतली प्रयोगशाळा सांभाळायची, ते घर बघून कुणीही ओळखलं असतं. प्रत्येक डब्यावर, बाटलीवर, टोपलीवर चिठ्ठ्या. 'उकळलेल्या.' 'न उकळलेल्या.' 'टोपडी, मोठी.' पाळण्यावर 'बाळ' असं लिहायचं तेवढं राहिलं होतं.

मावशीची नजर मात्र दुसरीकडेच अडकली. बाहेर रखरखीत ऊन होतं आणि बाळाचे ओले कपडे खोलीतच, दोन खुर्च्यांच्या पाठींवर दोरी बांधून वाळत घातले होते. गॅलरीच्या दाराला नवं कोरं कुलूप होतं.

"हो ना, बघा की," आत्या म्हणाली. "एवढं ऊन पडलंय आणि कपडे घरात. मी बोलले तर वाईट दिसतं, म्हणून गप्प बसते." गप्प बसणं म्हणजे काय, याबद्दल आत्याची स्वतःची काही समजूत असणार. "बरं, बाळाला घेऊन दाखवता का जरा?"

"आज नाही घेत मी बाळाला."

आत्यानं कागदावर फुली मारली. "पहिलं काम कुठे केलंत?"

मग मावशीनं नेहमीचं सांगितलं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. नवरा वारला होता, मुलगा लहान होता. प्रसूतीच्या वॉर्डात झाडूपोछा करता करता बाळांना आंघोळ घालायला शिकली होती आणि तिथल्याच एका डॉक्टरीणबाईंनी तिला एका घरी पाठवलं होतं. "मुलगी झाली होती. मी बाळाला फुलासारखं सांभाळलं. दूध किती प्यायली, शी किती वेळा झाली, वजन किती वाढलं, सगळं लिहायचे. घरचे माझ्यावर खूश होते. आईकडे मी बघितलंच नाही. बाराव्या दिवशी ती गच्चीवरून पडून गेली. तेव्हापासून मी आईकडे आधी बघते."

बाळाच्या बापानं हातातलं फडकं खिशात कोंबलं. आत्यानं पेनचं टोपण लावलं आणि अगदी सभ्य आवाजात म्हणाली, "ठीक आहे मावशी. आम्ही कळवतो."

मावशी पिशवी उचलून उठलीसुद्धा.

"ह्याच हव्यात," खाटेवरून आवाज आला. बाळाची आई सकाळपासून पहिल्यांदाच बोलत होती.

"अगं, पण..." आत्या दचकली. "तू ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या ते? आणि ती दुसरी मुलगी किती छान होती! बाळ तिच्याकडे लगेच शांत झालं."

"बाळ शांतच आहे, ताई. मला ह्याच हव्यात. आणि जरा आम्हा दोघींना बसू द्या."

आत्या भावाकडे बघायला लागली. भावानं आयुष्यात बहुधा पहिल्यांदा बहिणीचा कोपर धरला आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. तिथून थोडा वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. आत्याचा राग नेहमी भांड्यांवर निघायचा.

बाळाच्या आईनं उशीखालून एक वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे खाल्लेली, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. मावशीनं ती एकतीस वर्षांनी बघितली आणि पिशवी खाली ठेवली. ती खाटेच्या कडेवर बसली.

"वॉर्डातल्या सिस्टरनी तुमचं नाव सांगितलं," बाळाची आई म्हणाली. "वहीत लिहितात म्हणाल्या. ह्या पुठ्ठ्यावर तेच नाव आहे. मग मी ताईंना म्हटलं, तिघींमध्ये ह्यांनाही बोलवा. पहिल्या घराचं तुम्ही सांगता की लपवता, ते बघायचं होतं मला."

मावशीनं आता तिच्याकडे नीट बघितलं. समोर बसलेल्या बाईच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, जन्मखूण होती, मसुराच्या दाण्याएवढी. या कपाळाला तिनं अकरा दिवस तेल लावलं होतं. आल्या आल्या ती आईकडेच बघत होती की! डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली, सुकलेले ओठ दिसले, खूण तेवढी दिसली नाही. ती खूण बाळाची होती, आणि बाळाकडे बघायचं तिनं सोडलं होतं.

"आजीनं वाढवलं मला," बाळाची आई म्हणाली. "बाबांनी दुसरं लग्न केलं, आईचं सगळं सामान देऊन टाकलं. फोटो एकच, तोही लग्नातला, धड तोंडही दिसत नाही. ही वही तेवढी आजीच्या कपाटात राहिली. लहानपणी मी रोज वाचायचे. चौथ्या दिवशी माझं वजन तीन किलोला पन्नास ग्रॅम कमी होतं. सातव्या दिवशी मला नऊ शिंका आल्या. मावशी, मला माझी प्रत्येक शी पाठ आहे." ती हसली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "आणि आईबद्दल ह्यात एक शब्द नाही. अकरा दिवस तुम्ही त्या घरात होतात. ती कशी होती, सांगा ना. काय बोलायची?"

इथं खोटं बोलणं किती सोपं होतं! तुझी आई फार गोड होती, तुझ्याकडे बघून सारखी हसायची, असं म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? दावे तपासणारी तर स्वयंपाकघरात होती. मावशीच्या ओठांवर ते आलंही. पण त्या बाईची भिरभिरती नजर तिनं बघितली. बोलताना दर थोड्या वेळानं ती पाळण्यात वाकायची, बाळाच्या नाकाखाली बोट धरायची आणि मग पुन्हा बोलायला लागायची. तिला स्वतःला ते कळतही नव्हतं.

"तू झोपली कधी होतीस?" मावशीनं विचारलं.

"झोपते की."

"कधी?"

"तीन दिवस झाले असतील," ती हळूच म्हणाली. "डोळे मिटले की वाटतं हिचा श्वास थांबला. उठून बघते. मग वाटतं, नीट बघितला नाही. ह्यांना सांगितलं नाही मी. फक्त गॅलरीला कुलूप लावायला लावलं. किल्ली कुठे ठेवली ते मला सांगू नका म्हटलं. ते म्हणाले, चोराची भीती वाटते का? मी हो म्हटलं."

मावशीनं डोळे मिटून घेतले. मग वही मांडीवर ओढली.

आपलंच सव्विसाव्या वर्षीचं अक्षर बघून तिला लाज वाटली. गोल, सरळ, शाळकरी. पहिलीतल्या मुलीनं बाईंना खूश करायला काढावं तसं. 'सकाळी ७. दूध. १० मिनिटे. शी पिवळी.' पानं उलटताना ती पाचव्या दिवशी थबकली. खाली, समासाला लागून, बारीक तिरक्या ओळी होत्या.

"ह्या तुम्ही घाईघाईत लिहिल्यात ना?" बाळाची आई म्हणाली. "रात्री उठून. मला ह्या फार आवडायच्या."

"ह्या माझ्या नाहीत," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"रात्री मी बाजूच्या खोलीत गाढ झोपायचे, पोरी. हे तुझ्या आईचं अक्षर आहे."

तिनं वही घेतली, तोंडाजवळ नेली आणि त्या ओळींवरून बोट फिरवत वाचायला लागली. लहानपणापासून पाठ असलेल्या ओळी ती आता अडखळत वाचत होती. 'दीड. झोपली आहे. श्वास नीट चालू आहे. दोन. श्वास नीट चालू आहे. दोन पाच. जांभई दिली. केवढंसं तोंड माझ्या बाईचं. सव्वादोन. श्वास नीट चालू आहे.' पाचव्या दिवशी चार ओळी होत्या. आठव्या दिवशी अकरा. अकराव्या दिवशी समास पुरला नव्हता, ओळी वळून पानाच्या वरच्या बाजूला गेल्या होत्या.

"माझी बाई," ती म्हणाली. "मला म्हणायची ती?" आणि मग ती मोठ्यानं रडली, एकतीस वर्षांची बाई लहान पोरीसारखी. मावशीनं तिला रडू दिलं. स्वतःही रडली.

रडणं ओसरल्यावर तिनं तोंड पुसलं आणि वहीवर हात ठेवून विचारलं, "आजी सांगायची, कपडे काढायला गच्चीवर गेली आणि तोल गेला. खरं आहे का ते?"

हे मावशी कुठल्याच घरात सांगत नसे. 'पडून गेली' इथं तिचं सांगणं नेहमी संपायचं. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"कपडे मी काढले होते," ती म्हणाली. "तासभर आधीच. घड्या घालून खालीच ठेवले होते, तिच्यासमोर."

पाळण्यात बाळानं हात उडवला. आई वाकली, बोट धरलं, पुन्हा बसली.

"मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"घाबरले. तुझ्या आजीनं पोलिसांना कपड्यांचं सांगितलं, मी मान हलवली. वाटलं, खरं बोलले तर मला कोण कामावर ठेवणार? माझा पोरगा चार वर्षांचा होता. हे असं आहे बघ. चांगलं सांगण्यासारखं ह्यात काही नाही."

"आणि ह्या ओळी? तुम्ही वाचल्या नव्हत्या?"

"रोज सकाळी वाचायचे," मावशी म्हणाली, आणि इतक्या वर्षांत तिनं स्वतःलाही न सांगितलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "वाचून मी तिला काय म्हटलं माहितेय? म्हटलं, वहिनी, किती नीट लिहिता हो तुम्ही, अशी काळजीवाहू आई मी बघितली नाही. शाबासकी दिली मी तिला. सात रात्री ती टक्क जागी आहे, हे तिनं आपल्या हातानं लिहून माझ्यापुढे ठेवलं होतं. मी त्यात तुझा श्वास मोजत बसले. तिचा नाही मोजला."

तिनं मावशीकडे बघितलं. तिच्या नजरेत राग होता, आणि तो असायलाच हवा होता. मावशीनं नजर खाली घातली नाही. घालावीशी फार वाटली.

"तिला मी नको होते का?" शेवटी तिनं विचारलं. लहानपणापासून विचारायचा प्रश्न हा एकच असावा. बाकीचे सगळे त्याच्या आडून आले होते.

"वाच ना परत. नको असलेल्या पोरीची जांभई कुणी लिहून ठेवतं का? आजारी होती गं ती. झोप नाही, डोक्यात भीती, आणि आजूबाजूला आम्ही सगळे बाळाचं कौतुक करणारे. औषध होतं त्याला. डॉक्टर पाच मिनिटांवर राहायच्या. कुणी नेलं नाही."

"मला तसंच होणार, मावशी?"

"नाही," मावशी म्हणाली. मग स्वतःलाच आवरलं, कारण हेही सोपं खोटं झालं असतं. "माहीत नाही मला. पण तू कुलूप लावलंस, मला बोलावलंस. तिनं नुसतं लिहिलं, तू सांगितलंस. आता मी आत जाऊन तुझ्या माणसांना सांगणार आहे. चालेल ना?"

तिनं मान हलवली.

स्वयंपाकघरात मावशीनं सगळं उभ्यानंच सांगितलं. बाळाचा बाप खाली बसला. "चोराची भीती म्हणाली होती," तो दोनदा म्हणाला आणि शर्टाच्या आतल्या खिशावरून कुलपाची किल्ली चाचपायला लागला. आत्यानं अठरा प्रश्नांचा कागद चुरगाळला. मावशीला वाटलं, आता ही आपल्याला हाकलणार. पण आत्या आयुष्यभर खोटेच दावे तपासून कंटाळली असावी. खरा समोर आला तसा तिनं तो ओळखला. तिनं फोन उचलला आणि डॉक्टरांच्या मदतनिसाशी अशी काही भांडली की संध्याकाळी पाचची वेळ दुपारी तीनवर आली. फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "कपड्यांवरून बोलले हो मी तिला," ती म्हणाली. "रोज बोलले."

मग आत्या पाळण्यापाशी खुर्ची घेऊन बसली. "मी बघतेय बाळाकडे. डोळासुद्धा मिटणार नाही. तू झोप," ती भावजयीला म्हणाली, आणि तिच्या हुकूम सोडण्याच्या सवयीचा त्या घराला प्रथमच काही उपयोग झाला. बाप खाटेच्या पायथ्याशी बायकोचा पाय हातात धरून बसला. मावशी उशाशी. ती भुवईवरच्या खुणेवर अंगठा ठेवून हळूहळू कपाळ चोळायला लागली. दोनदा बाळाची आई दचकून उठली, दोनदा पाळण्याकडे बघितलं, दोनदा आत्या म्हणाली, "चालू आहे, चालू आहे." तिसऱ्यांदा ती उठली नाही.

मावशीनं पिशवीतून नवी वही काढली. पहिलं पान उघडलं, पण तिथं काही लिहिलं नाही. तिनं निजलेल्या बाईच्या हाताखालून ती निळी वही अलगद सोडवली आणि अकरावा दिवस काढला. तिरक्या ओळी पानभर फिरून जिथं संपल्या होत्या, तिथं बोटभर जागा उरली होती. मावशी खाली वाकली. झोपलेल्या बाईच्या नाकाखाली तिनं बोट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं. मग आपल्या गोल, शाळकरी अक्षरात त्या जागेत लिहिलं:

'सव्वाबारा. वहिनी, तुमची लेक झोपली आहे. श्वास नीट चालू आहे.'